चादरीची सॅक शिवली, भर रस्त्यात पट्टा निघाला. कुठं चुकलं?

आत्याची_कातर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येते, पण आज मदत पाहिजे.

भाची यंदा अकरावीला गेली. तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळी नायलॉनची सॅक, वर झाकण, झाकणाला बक्कल, तोंडाला ओढायची नाडी, पुढे खिसे आणि मधोमध धातूची त्रिकोणी पट्टी. प्राडा कंपनीची. "आत्या, अशी शिवून दे ना." मी किंमत बघितली, लाखाच्या वर. मोबाइल तिच्या हातात परत दिला आणि म्हटलं, शिवून देते, पण घरात जे कापड आहे त्याची. घरात काय आहे? चादरी. सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. लग्नात आलेल्या, वास्तुशांतीला आलेल्या, सासऱ्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातल्या. लाल-काळ्या फुलांची एक होती, तिचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला. तीच काढली.

मशीन आईचं, काळं, पायाचं. १६ नंबरची सुई. पाठ ११ × १५ इंच, बाजूची पट्टी साडेचार इंच, तळ त्याच मापाचा. वर्तमानपत्रावर आखलं, बेतलं, कापलं. कापताना जमिनीवर धाग्यांचा सडा पडला तेव्हाच शहाणी व्हायला पाहिजे होतं. तीन सुया मोडल्या. दर दहा मिनिटांनी बॉबिन अडकायचा. उघडून बघावं तर शटलमध्ये लाल लव, चिमटीभर. तरी रविवार-सोमवार खपून सॅक उभी केली. दिसायला इतकी देखणी झाली की शेजारणीने जाऊबाईंसाठी ऑर्डर दिली.

बुधवारी भाची ती घेऊन क्लासला गेली. सात रस्त्याला रिक्षातून उतरताना उजवा पट्टा हातात आला. गंमत अशी की टीप तुटलेली नाही. पट्ट्याला टीप जशीच्या तशी आहे, टाके मोजून घ्या. टिपेखालचं कापडच निसटलंय. काठाला नुसती झिपरी उरलीय, लाल-काळे दोरे लोंबतायत.

पोरगी काही बोलली नाही. आईची जुनी शबनम पिशवी घेऊन जायलीय.

कुठं चुकलं? आणि आता हीच दुरुस्त होईल की नवी शिवू?

फुकट_सल्ला

उंदराला तुमच्याआधी कळलं होतं की ही चादर कापायची आहे.

विजापूरवेस_काकू

अगं, चांगली चादर कापलीस? आमच्या सासूबाईंनी १९७८ साली घेतलेली चादर अजून अंगावर घेतो आम्ही. रंग गेलाय पण एक धागा हललेला नाही. चादर ही पांघरायची वस्तू. कात्री लागली की तिचा जीव गेला.

रागावू नकोस. तू शिवलीस ते कौतुकाचंच आहे. पण पुढच्या वेळी डागी माल घे ना. कारखान्याच्या दुकानात विचारलं की विणीत चूक झालेली, डाग पडलेली चादर कमी पैशात काढून देतात. ती काप खुशाल.

पुणेकर_नवी_पेठ

सातशे-आठशेत बरी सॅक मिळते, वर्षभर टिकते. हिशोबाची गोष्ट करतोय, राग नसावा.

फुकट_सल्ला

नवी पेठ सोलापुरात पण आहे. तिथं तर घासाघीस करून अजून कमीत मिळते. चर्चा सॅक विकत घेण्याची न्हाई, शिवण्याची हाय साहेब.

पूर्व_भाग

ताई, तुमचं शिवण चुकलं नाही. कापड समजून घ्यायचं राहिलं.

आमच्या घरी तीन पिढ्या माग होता. घरात तेलुगू, मागाला मग्गम म्हणतो आम्ही. आता माग नाही, मी युनिफॉर्मच्या धंद्यात हाय, पण चादर हाताला लावली की कळतंय.

चादर दुहेरी विणीची असते. वरच्या बाजूला लाल जमिनीवर काळं फूल असेल तर उलटी करून बघा, काळ्या जमिनीवर लाल फूल दिसेल. म्हणजे दोन थर आहेत, आणि नक्षी येते तिथं ते एकमेकांत जागा बदलतात. हे काम जकार्डचं. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. पत्त्याला भोक असेल तिथला हूक वर जातो, तेवढेच ताण्याचे, म्हणजे लांबीचे धागे उचलतात, मधून बाणा, म्हणजे आडवा धागा जातो. जकार्ड हे फ्रान्समधल्या लिओंच्या माणसाचं नाव, १८०४ चं यंत्र. आमच्या आजोबांना हे काही माहीत नव्हतं. ते जकार्डला नुसतं 'डोकं' म्हणायचे.

आता मुद्दा. चादरीचा बाणा जाड असतो आणि पीळ कमी, म्हणून तर ती मऊ लागते, ऊब धरते. पण कमी पिळाचा जाड धागा सरकतो पण लवकर. तुमचा पट्टा ज्या काठाला होता तो ताणा कापून झालेला काठ. तिथं काठाला समांतर नुसता बाणा. टीप अर्ध्या इंचावर मारली असेल, तर टिपेच्या बाहेर बाण्याचे मोजकेच धागे उरले. पुस्तकांचं वजन आलं की ते एकेक करून ताण्याच्या टोकावरून घसरायले. दोरा तुटायचा प्रश्नच न्हाई.

पांघरताना चादरीवर अशी ओढ कधी येतच नाही. म्हणून काकूंची १९७८ ची चादर शाबूत आणि तुमची बुधवारी गेली.

आत्याची_कातर

अगदी असंच झालंय. मी आत्ता चादर उलटी करून बघितली. इतकी वर्षं पांघरतेय पण उलटा रंग कधी नीट बघितला नव्हता.

मग कापायची कशी? कात्री लावली की सुटतेच ती.

पूर्व_भाग

पांजणी, म्हणजे विणण्याआधीची ताण्याची तयारी, करताना ताण्याला खळ देतात, मागावर घासून धागा पिंजू नये म्हणून. तीच युक्ती. खडूने रेघ मारा, रेघेवर दोन्ही बाजूंनी बोटभर रुंदीत तांदळाची पातळ खळ ब्रशने लावा, उन्हात कडक वाळू द्या. मग रेघेच्या दोन्ही अंगाला एकेक टीप मारा आणि मगच मधून कापा. एक धागा सुटणार नाही. शिवून झाल्यावर धुतली की खळ निघून जाते.

दुसरं, चादरीचा मूळ काठ टाकून देऊ नका. दशांची बाजू न्हाई, लांबीची बाजू. तो काठ विणतानाच बंद झालेला असतो, सुटत नाही. झाकणाची कड, खिशाचं तोंड, जिथं कड उघडी दिसते तिथं तो काठ येईल असं बेता. दुमडायचं काम वाचतंय आणि जाडी पण.

बॅग_मास्तर

उशिरा आलो. वीस वर्षं बॅगाच शिवतो आणि दुरुस्त करतो, जून महिन्यात तर जेवायला वेळ नसतो. पूर्व भागवाल्यांनी कापडाचं बरोबर सांगितलं. आता बॅगेचं ऐका.

दुरुस्तीला येणाऱ्या दहा बॅगांतल्या आठ तरी पट्ट्यापाशीच गेलेल्या असतात. चेनचं दुखणं वेगळं, त्यावर मग येतो. पट्टा का जातो? कारण पट्टा कापडाला शिवलेला असतो. विकतच्या स्वस्त बॅगेत पण हेच. पट्टा कापडाला लावायचाच नाही. पट्टा बेल्टला लावायचा.

समजा पाठीचा तुकडा समोर आहे. आधी तो जाड कॅनव्हासचा घ्या, चादरीचा नको. त्यावर इंचभर रुंद नायलॉनचा बेल्ट वरपासून खालपर्यंत दोन रांगांत शिवा, खांद्याचे पट्टे येणार त्या जागेवर. हे दोन्ही बेल्ट तळाखालून फिरवून पुढच्या बाजूला चार बोटं वर आणा. वर, पट्टे लावायच्या जागी, आडवा एक बेल्ट. आता खांद्याचा पट्टा या आडव्या-उभ्याच्या सांध्यात घाला आणि चौकोन शिवून त्यात फुली मारा. एकदा नाही, दोनदा. झालं. पुस्तकं तळावर बसतात, तळ बेल्टवर, बेल्ट खांद्यावर. कापडाला फक्त पुस्तकं सांडू द्यायची नाहीत, एवढंच काम राहिलं. मग पुढे चादर लावा, पैठणी लावा, काय पाहिजे ते लावा.

पट्ट्याचं खालचं टोक उघड्या शिवणीत कधी घालू नका. बेल्टच्याच कापडाचा त्रिकोणी कान करा, त्यात टोक बसवा, आणि तो कान तळ आणि बाजूच्या शिवणीत दाबून घ्या. कोपऱ्याला ओढ तिरकी येते. कान नसेल तर शिवण एका टोकाकडून उसवत येते.

सुई १८ नंबर. दोरा सुती अजिबात नको, पॉलिस्टर घ्या. एका इंचात सहा-सात टाके, जास्त नाही. बायका ब्लाउजचा टाका बॅगेला घालतात. बारीक टाका म्हणजे मजबूत असं वाटतं, पण जाड कापडात बारीक टाका म्हणजे टपालाच्या तिकिटाची भोकं, तिथूनच फाटणार. वरचा ताण थोडा सैल करा. जाड सांध्यावर पाय काढून घ्या, चाक हाताने फिरवा. सुई मोडते ती जाडीमुळे कमी, आपण मागून कापड ओढतो म्हणून जास्त. सुई वाकते, प्लेटवर आपटते.

लवेचं म्हणाल तर दर बॉबिनला शटल काढून ब्रश फिरवायचा, एक थेंब तेल. चादरीला दुसरा इलाज नाही.

आणि शिवणीच्या आत चादर येऊ देऊ नका. चादर दोन, कॅनव्हास दोन, अस्तर दोन, पायपिंग, एवढं सगळं घरच्या मशीनच्या दाबाखाली जाणारच नाही. चादर शिवणीच्या पाव इंच अलीकडे कापा, कॅनव्हासवर सपाट शिवून टाका. सांध्यात फक्त कॅनव्हास जाईल.

आत्याची_कातर

मास्तर, हे एवढं कुणी मला दोन रविवार आधी सांगितलं असतं तर!

'ब्लाउजचा टाका' वाचून हसले. तोच घातला होता.

फुकट_सल्ला

मास्तर, चेनचं राहिलं.

बॅग_मास्तर

हां. चेन मीटरने घ्या, रनर वेगळा. सॅकला ५ नंबर चालते, मोठ्या तोंडाला ८ घेतली तर बरं. चेन उघडी राहते तेव्हा लोक म्हणतात चेन खराब झाली. बहुतेक वेळा रनर झिजलेला असतो, मागची दोन टोकं फाकलेली. नवा रनर घातला की काम भागतं, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात. पण ताईंच्या सॅकला नाडी आणि झाकण आहे ना? मग चेन फक्त पुढच्या खिशाला. बरंय.

निळी_शाई

मी मुंबईत फॅशन डिझाइन शिकते, मूळची अक्कलकोट रोडची. ज्या सॅकवरून हे सगळं सुरू झालं तिच्याबद्दल थोडं लिहू का? कुणी विचारलं नाही तरी लिहिते.

प्राडा १९१३ साली मिलानमध्ये सुरू झाली, मारिओ प्राडाने चामड्याच्या वस्तू आणि ट्रंकांचं दुकान काढलं. नात मिउच्चा प्राडा. तिने डॉक्टरेट केली ती राज्यशास्त्रात, शिवणकामात नाही. ती काळी नायलॉनची सॅक १९८४ ची. त्या काळात महागडी बॅग म्हणजे चामडंच असा समज होता. आणि हिने घेतलं नायलॉन, म्हणजे कारखान्यातलं, कामाचं, तंबू-ट्रंकांच्या जगातलं कापड. हलकं, पाणी न धरणारं, खरं तर गरिबाचं. लोकांनी लगेच डोक्यावर घेतलं नाही. नंतर मात्र तीच तिची ओळख झाली. २०१९ पासून ते मासेमारीची जुनी जाळी वगैरे टाकाऊ नायलॉन पुन्हा वितळवून बनवलेलं कापड वापरायला लागले.

आमच्या वर्गात यावर निबंध लिहायला लावतात. मला मात्र वाचताना आपली चादर आठवली. आत्याताईंनी नुसता आकार घेतला असता, काळं नायलॉन आणून हुबेहूब शिवलं असतं, तर ती नक्कल झाली असती. त्यांनी घरातलं रोजचं जाडंभरडं कापड घेतलं. माझ्या मते मूळ सॅकमधली खरी गोष्ट त्यांच्या हाताला आपोआप लागली.

पुणेकर_नवी_पेठ

म्हणजे पट्टा तुटला तरी डिझायनर.

निळी_शाई

हो. 😄

मोठ्या घराण्यांनी रोजच्या पिशव्या उचलल्याचं यादीभर सांगता येईल. २००७ मध्ये लुई व्हिताँने ती चौकड्यांची प्लॅस्टिक पिशवी आणली होती, आपण गावाला जाताना गाद्या कोंबतो तसली. २०१७ मध्ये बालेन्सियागाने आयकियाच्या निळ्या पिशवीसारखी दिसणारी चामड्याची बॅग काढली, दोन हजार डॉलरच्या वर. २०२५ मध्ये अमेरिकेत एका दुकानाने हिंदी छपाईचा आपला साधा किराणा झोळा ४८ डॉलरला लावला होता.

विजापूरवेस_काकू

४८ डॉलर म्हणजे किती गं?

फुकट_सल्ला

चार हजार, काकू. तुमच्या घरी असले किती आहेत?

विजापूरवेस_काकू

दिवाळीत रद्दीवाल्याला दिले की रे मेल्या.

काळा_कोट

थोडं कोरडं बोलतो. ताईंनी घरच्या पोरीसाठी एक सॅक शिवली, त्यात काही वावगं नाही. पण वर शेजारणीच्या ऑर्डरचा उल्लेख आहे म्हणून. ती त्रिकोणी पट्टी लावून विकू नका. ते नुसतं नक्षीकाम नाही, प्राडाची नोंदलेली खूण आहे. दुसऱ्याचा ट्रेडमार्क लावून विकणं हा आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात फौजदारी गुन्हा आहे. झाकण, नाडी, बक्कल असलेली सॅक मात्र कुणीही शिवावी, ट्रेकवाले कधीपासून तेच वापरतात.

पूर्व_भाग

आणि त्यांनी आपली चप्पल घेतली तेव्हा?

काळा_कोट

येणारच होता हा प्रश्न. जून २०२५ ला मिलानमध्ये त्यांच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, आधी भारताचं नावच नव्हतं. इकडून ओरड झाल्यावर भारतीय पारंपरिक चपलेवरून प्रेरणा घेतल्याचं त्यांनी मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे मूळ ठिकाणाच्या नावाची कायदेशीर नोंद, मिळालंय, आणि गंमत बघा, त्या जीआयच्या आठ जिल्ह्यांत सोलापूर आहे. चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले.

पण जीआय नाव राखतं. 'कोल्हापुरी' म्हणून बाहेरची चप्पल विकता येत नाही. आकारासारखा आकार काढला तर जीआय हातात फार काही देत नाही. सोलापुरी चादरीचं तेच. जीआय आहेच, तरी बाहेरून माल येतो आणि सोलापुरी म्हणून खपवला जातो.

पूर्व_भाग

खपवला जातो नव्हे, खपतोय. माझा मामा अजून अशोक चौकाजवळ चादर विकतो. गिऱ्हाईक हातात घेतं, वजन करतं आणि म्हणतं, "ही जड आहे, ती दुसरी स्वस्त आणि हलकी." आता जड आहे तीच तर चादर, बाबा! मामा आधी समजावून सांगायचा. आता नुसता घडी घालून ठेवतो.

म्हणून मला ताईंची सॅक आवडली. फाटली तरी.

खडू_फळा

मी शिक्षक. एकाच गोष्टीकडे लक्ष वेधतो. सॅकमध्ये वजन किती होतं? २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं म्हटलंय. अकरावीची पाठ काही वेगळी नसते.

आत्याची_कातर

सर, तुमचं वाचून काल भाजीच्या हुकाच्या काट्यावर तिची पुस्तकं टांगली. सात किलो दोनशे ग्रॅम. पोरगी सत्तेचाळीस किलोची.

त्यात क्लासच्या तीन जाड गाइड आणि पाण्याची दीड लिटरची बाटली. बाटली आता अर्ध्या लिटरची केलीय, क्लासमध्ये नळ आहे. गाइडचं अजून भांडण चालू आहे.

आत्याची_कातर

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, दुसरी झाली, फोटो टाकलाय! जे झालं ते सांगते, कुणाला शिवायची असेल तर उपयोग होईल.

चादर तीच, उरलेला भाग. आधी नुसत्या थंड पाण्यात भिजवली, पाणी पहिल्यांदा लालभडक, तिसऱ्यांदा गुलाबी. दोन दिवस गच्चीवर. मग पूर्व भाग भाऊंची खळ. आमच्याकडे भाताची पेज होतीच, तीच गाळून पातळ केली. वाळल्यावर चादर पापडासारखी. कात्री इतकी सरळ चालली की मी सगळे तुकडे उगाचच एकदा उचलून झटकून बघितले. एकही धागा नाही.

चाटी गल्लीत हिरवट कॅनव्हास घेतला, दीड मीटर. बेल्ट चार मीटर घेतला, तो पुरून थोडा उरला. बक्कल दोन. मास्तर, तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही बेल्ट तळाखालून फिरवून पुढे काढले. दुकानदार विचारायला लागला, बाई गाढवावर खोगीर बांधायचंय का?

पाठीला फोम आणायला गेले तर तो पावसात भिजला की दोन दिवस वाळत नाही असं कळलं. घरात नवऱ्याची योगाची चटई होती. तीन वर्षांत चार वेळा उघडलेली. पाठीचा तुकडा आणि दोन पट्ट्यांचे आत घालायचे तुकडे त्यातून काढले. त्याला अजून माहीत नाही. पट्टे अडीच इंच रुंद ठेवले, आधीच्या सॅकला दीड होते आणि तिच्या खांद्यावर वळ उठायचे.

सुई १८ ची, एकही मोडली नाही. मोडली असं म्हणता येणार नाही, एक हरवली. फुली मारलेले चौकोन चाक हाताने फिरवून केले, एकेकाला दहा मिनिटं. हात भरून आला, पण तो चौकोन शिवून झाल्यावर मी दोन्ही हातांनी पट्टा धरून पायाने सॅक दाबून ओढली. कॅनव्हास कुरकुरला, बस.

अस्तराला छत्रीचं कापड घातलं, काळं. पाऊस आला तरी वह्यांना धक्का नको म्हणून. शिवताना लक्षात आलं की ते नायलॉनच आहे. म्हणजे भाचीला जे काळं नायलॉन हवं होतं ते मिळालं, फक्त आतल्या बाजूला.

त्रिकोणी पट्टी तिला हवीच होती. वकीलसाहेबांचं वाचून दाखवलं. मग तिनेच चादरीच्या कोपऱ्याचं कारखान्याचं लेबल उसवून काढलं. धुऊन धुऊन अक्षरं निम्मी गेलेली, फक्त 'सोलापूर' वाचता येतं. ते पुढच्या खिशावर मधोमध लावायला लावलं, थोडं तिरकं. मी सरळ करत होते, तर म्हणाली, "राहू दे आत्या, तिरकंच छान दिसतंय."

बॅग_मास्तर

बेल्ट पुढं चार बोटं वर आला का? फोटोत दिसत नाही.

आत्याची_कातर

आला. चादरीच्या खाली लपवलाय.

बॅग_मास्तर

मग झालं. पण छत्रीच्या कापडाचं अस्तर बॉलपेनच्या रिफिलने फाटतंय, लवकर. पेनाला वेगळा खिसा द्या, कॅनव्हासचा.

आत्याची_कातर

अरे देवा. आज संध्याकाळी उघडावी लागणार.

विजापूरवेस_काकू

उघडतेच आहेस तर मला एक करून दे. देवळात जायला, लहानशी. चादर माझी देईन.

फुकट_सल्ला

काकू, १९७८ ची?

विजापूरवेस_काकू

नाही रे. ती नाही.